सदतिसावा प्रश्न

१

रविवारी दुपारी मारुतीरावांनी साठ पोरांसमोर दिपालीची पिशवी उलटी केली. पिशवीतून डबा पडला, पाण्याची बाटली पडली, वही पडली, काचेला तडा गेलेला मोबाईल पडला आणि शेवटी चार घड्या घातलेला एक कागद पडला. मारुतीरावांनी तो उचलून उलगडला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"हे काय हाय?"

पन्नास प्रश्नांची पन्नास उत्तरं होती ती. नुकत्याच संपलेल्या निवड चाचणीची उत्तरतालिका. पेपर तपासायला पाकीट उघडलं तेव्हा आत नुसता कोरा कागद निघाला होता, म्हणून तर व्हरांड्यात ठेवलेल्या सगळ्यांच्या पिशव्या तपासायला घेतल्या होत्या.

"मला म्हायती न्हाय, सर," दिपाली म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पिशवी तुझी, आणि तुला म्हायती न्हाय?" असं म्हणून मारुतीराव हसले. मागोमाग साठ पोरंही हसली. मालक हसले की आपण हसायचं, एवढं रीझनिंग त्यांना न शिकवता येतं.

मी मष्णू. लोंढा जंक्शनच्या तिकीट खिडकीमागं एकतीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर बेळगावात, टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटजवळच्या या 'यशोशिखर ॲकॅडमी'त बँकेच्या परीक्षांचं रीझनिंग शिकवायला लागलो. यशोशिखर हे नाव मारुतीरावांचं. रस्त्यावरच्या फलकावर हाताची घडी घातलेला फोटोही त्यांचाच, आणि खाली लिहिलंय, 'शॉर्टकटने शिखर'. स्वतः मारुतीरावांना बँकेच्या परीक्षेनं चार वेळा परत पाठवलं होतं, ते फलकावर लिहिलेलं नाही.

माझा विषय डेटा सफिशियन्सी. वर एक प्रश्न असतो, खाली दोन विधानं. गंमत अशी की उत्तर काढायचंच नसतं. दिलेली माहिती उत्तराला पुरते की नाही, एवढंच सांगायचं. पर्याय पाच. एक, पहिलं विधान एकटं पुरतं. दोन, दुसरं एकटं पुरतं. तीन, दोन्हीपैकी कुठलंही पुरतं. चार, दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. पाच, दोन्ही मिळून पुरतात. हे माणसांना का जमत नाही ते मला खिडकीवर कळलं. "गाडी कधी हाय?" असं विचारणारा माणूस कुठं जायचंय ते सांगत नसे आणि उत्तर मिळालं नाही की रेल्वेला शिव्या देत असे. लोकांना उत्तर हवं असतं. माहिती जमवायचा कंटाळा असतो.

या चाचणीत पहिला येणाऱ्याला ॲकॅडमीच्या निपाणीच्या निवासी वर्गात चार महिने फुकट जागा मिळणार होती. इतरांसाठी ते बक्षीस होतं. दिपालीसाठी शेवटची वाट होती. वडगावातलं विणकराचं घर, दोन यंत्रमाग, बाप वारलेला. आई नागुबाईनं स्वच्छ सांगितलं होतं, जागा मिळाली तर शीक, नाहीतर अक्षयतृतीयेला लग्न. नवरा ठरलेला होता, तिचा सख्खा मामा केदारी.

"उद्या बारा वाजता हिच्या आईला बोलावतो," मारुतीराव म्हणाले. "नाव कमी करायचं. आणि फलकावर लिवायचं, चोरी केल्याबद्दल म्हणून."

"मारुतीराव," मी म्हणालो, "माहिती पुरत नाही."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "चोरीचा माल पिशवीत सापडलाय, मष्णू सर!"

"पिशवी बाहेरच्या बाकावर होती. तिला चेन नाही. कागद आत कुणी घातला ते पिशवी सांगत नाही. मला उद्या बारापर्यंत वेळ द्या."

"घ्या की," ते म्हणाले. "त्यानं काय फरक पडतोय?"

२

दिपालीला मी रिकाम्या वर्गात बसवलं. ती रडेल अशी माझी भीती होती, पण रडली नाही. रडणाऱ्यांशी मला नीट बोलता येत नाही, त्यामुळं बरं वाटलं.

"शनिवारी तू ऑफिसात गेली होतीस?"

"गेलते, सर. हॉल तिकीट आणायला. सौरवदादानं दिलं. दोन मिंटं बी थांबले न्हाय."

"पाकीट ठेवतात ते कपाट उघडं होतं?"

"मी बघितले न्हाय."

"पेपर कसा गेला?"

तेव्हा कुठं तिच्या चेहऱ्यावर रंग आला. "चांगला गेला, सर. एकोणपन्नास नक्की बरोबर हायत. एकाच प्रश्नाला अडले. सदतिसाव्या. मग तुम्ही सांगटलेलं आठवलं. घाई करू नका, आपल्याला काय म्हायती न्हाय ते आधी बघा म्हणून. मग चार लिवले."

चोरानं उत्तरतालिका पाठ केली असेल तर तो कुठल्याही प्रश्नाला अडत नाही. पण हेही पुरेसं नव्हतं. हुशार चोर अडल्याचं सोंग करू शकतो. ही पोरगी माझी लाडकी होती, म्हणून तर मी जास्तच कडक राहिलो.

"सौरव आणि तू बोलता का एकमेकांशी?"

"सर!" ती ताडकन उभी राहिली. "तुम्ही बी?"

बाहेर पोरं तेच बोलत होती. येळ्ळूरचा सौरव, ऑफिसातला कॉम्प्युटर ऑपरेटर, कपाटाच्या चाव्या त्याच्याकडं. वयात आलेला पोरगा आणि एक पोरगी एवढं मिळालं की आपल्या लोकांना तिसऱ्या विधानाची गरजच लागत नाही.

"बस खाली," मी म्हणालो. "मी विचारलं, ठरवलं नाही."

ती बसली. मग हळूच म्हणाली, "सर, आई उद्या एकटी येणार न्हाय. मामाला घिऊन येणार. मला न्यायला."

३

सौरव प्रिंटरच्या मागं लपल्यासारखा बसला होता. त्याला वाटत होतं की आता आपली नोकरी गेली. मारुतीरावांनी तसं दोनदा बोलून दाखवलं होतं.

"चाव्या माझ्याकडं हायत म्हणून चोर मी व्हय, सर?"

"चाव्या असणं आणि चोरी करणं यात बरंच अंतर आहे. पेपर आला कधी?"

"शनिवारी दुपारी. दिल्लीच्या कंपनीकडनं, ईमेलवर. मी पेपरच्या साठ प्रती काढलो आणि उत्तरांची एकच प्रत. ती पाकिटात घालून सरांच्या हातात दिलो."

"मग कपाटात ठेवली?"

सौरव प्रिंटरचा ट्रे उगाच बाहेर ओढून आत ढकलू लागला. मी खिडकीवर एकतीस वर्षं बसलोय. पुढचं बोलावं की नाही याचा हिशेब करणारा चेहरा मला लगेच ओळखता येतो.

"सौरव, गप्प राहिलास तर तुझी नोकरी जाणार. बोललास तर कदाचित जाणार. काय ते ठरव."

"कपाटाचं कुलूपच लागत न्हाय, सर. सहा म्हैने झालं सांगून. म्हणून सरांनी पाकीट स्कूटरच्या डिकीत घालून घरी नेलं. आज सकाळी परत आणलं."

मला मनातून हसू आलं. मारुतीराव दुपारपासून कपाट, कपाट म्हणत होते. पाकीट रात्रभर त्यांच्या घरी होतं हे साठ पोरांसमोर सांगितलं नाही, माझ्याजवळही बोलले नाहीत. विसरले असतील असं म्हणायला मी काही त्यांचा मेव्हणा नाही.

"आज पेपर चालू असताना व्हरांड्यात कोण होतं?"

"कोण न्हाय. मी आत झेरॉक्स काढत होतो. मामा तेवढा लवकर भाईर आला."

"कुठला मामा?"

"आदर्श हो. पोरं त्याला मामाच म्हणत्यात न्हवं काय."

आदर्श म्हणजे मारुतीरावांचा एकुलता एक मुलगा. त्याला मामा का म्हणतात ते मला ठाऊक होतं, कारण ते नाव माझ्याच तासाला पडलं होतं.

"किती वाजता बाहेर आला?"

"अर्ध्या तासात. पन्नास प्रश्न अर्ध्या तासात. लई हुशार हाय म्हणायचा."

"होय," मी म्हणालो. "फारच हुशार दिसतोय." मग सौरवकडून ईमेलमधली उत्तरं पुन्हा छापून घेतली आणि साठ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून निघालो.

४

त्या संध्याकाळी मी साठही पेपर तपासले. असलं काम मला आवडतं. कागद खोटं बोलला तरी तोंड वर करून बोलत नाही.

साठ पोरांत चाळीसपेक्षा जास्त गुण फक्त दोघांना होते. दिपालीला एकोणपन्नास. आदर्शला पन्नास.

मारुतीरावांना फोन करून सांगितलं तर ते ओरडलेच. "बघा! एकोणपन्नास! चोरी केल्याशिवाय एकोणपन्नास कुणाला पडत्यात?"

"आणि पन्नास?"

"आदर्श अभ्यास करतोय, सर. त्याचा मोबाईल सुद्धा मी काढून घेतलाय."

ते खरं होतं, आणि सगळ्या बेळगावला माहीत होतं. ऑफिसात टेबलावर काचेच्या पेटीत आदर्शचा मोबाईल ठेवलेला होता आणि वर चिठ्ठी होती, 'परीक्षेपर्यंत बंद'. येणाऱ्या प्रत्येक पालकाला ती पेटी दाखवायची, त्यागाबद्दल दहा मिनिटं बोलायचं आणि मग प्रवेशाचा अर्ज पुढं सरकवायचा. देवाच्या मूर्तीपेक्षा त्या पेटीवर जास्त फडकं फिरत असे.

मग मी दिपालीचा चुकलेला प्रश्न काढला. सदतिसावा. पेपर इंग्रजीत होता, मी आपल्या भाषेत सांगतो. 'विवान हा अनन्याचा नवरा आहे का? विधान एक, विवान हा अनन्याच्या आईचा सख्खा भाऊ आहे. विधान दोन, विवान आणि अनन्या एकाच घरात राहतात.'

कंपनीचं उत्तर होतं, एक. म्हणजे पहिलं विधान एकटं पुरतं. आईचा भाऊ म्हणजे मामा, आणि मामा नवरा असूच शकत नाही, विषय संपला. दिल्लीत एसीखाली बसून प्रश्न काढणाऱ्या त्या शहाण्याला हिंदुस्थान किती लांब पसरलाय याचा पत्ता नव्हता. आमच्या या सीमेच्या पट्ट्यात भाचीला मामाला देतात. कितीतरी घरांत देतात. इथं मामा नवरा असू शकतो, नसूही शकतो. म्हणजे दोन्ही विधानं मिळूनही पुरत नाहीत. बरोबर उत्तर चार.

मी गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला, फक्त सदतिसाव्या प्रश्नासाठी. एक्कावन्न पोरांनी काहीतरी वेगळंच लिहिलं होतं, बहुतेकांनी चार. 'एक' असं उत्तर फक्त नऊ जणांचं होतं. त्यातली आठ कॅम्पातली, लष्करातल्या लोकांची मुलं. कुणी पंजाबचं, कुणी गढवालचं. त्यांच्याकडं मामा म्हणजे मामाच, त्यामुळं त्यांचं उत्तर प्रामाणिक असू शकत होतं.

नववं नाव पन्नासवाल्याचं असणार हे गणितानंच ठरलं होतं, तरी मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

५

सोमवारी सकाळी मी आदर्शला ॲकॅडमीसमोरच्या टपरीवर गाठलं. गोरा, गुटगुटीत, बापानं हौसेनं शिवलेल्या शर्टात अडकलेला पोरगा. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"अभिनंदन," मी म्हणालो. "पन्नास पडले."

"व्हय, सर?" त्याला आनंद व्हायला पाहिजे होता. त्यानं कप खाली ठेवला.

"सगळ्यात अवघड कुठला वाटला रं?"

"तसं काय न्हाय, सर. सगळे सोपेच होते."

"सदतिसाव्याला पोरं फार अडली. तू कसा सोडवलास?"

तो विचार करू लागला. मी थांबलो. खोटं बोलणाऱ्या माणसाला वेळ द्यावा, तो स्वतःच खड्डा खणतो.

"ते टेबलाभवती आठ जण बसल्यालं, ते न्हवं काय?"

"हां, तेच," मी म्हणालो आणि चहा संपवला.

बारा वाजता मारुतीरावांच्या ऑफिसात सगळे जमले. नागुबाई पदर गच्च आवळून बसली होती. तिच्या शेजारी केदारी. पस्तिशीचा, पांढरी पँट, बोटात अंगठी, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारा. तो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. मला त्याला बघताक्षणीच तिटकारा आला. आयती शिकलेली पोरगी घरात न्यायला आलाय, उशीर होतोय म्हणून चुळबुळतोय. दिपाली भिंतीला टेकून उभी होती. सौरव दाराशी होता. आदर्शला मीच बोलावून घेतलं होतं.

"मास्तर, काय ते एकदाचं सांगा," नागुबाई म्हणाली. "पोरीला घिऊन जातो आमी. वडगावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाय."

मारुतीरावांनी खोटा सुस्कारा सोडला. "आक्का, मला बी लई वाईट वाटतंय. पर काय करणार? पुरावा हाय."

"पुरावे दोन आहेत," मी म्हणालो. "आणि दोन्ही तुमच्याच ऑफिसात आहेत."

६

"प्रश्न असा," मी सांगू लागलो. "उत्तरतालिका कुणी चोरली? विधान एक. ज्यानं ती पाठ केली, त्याचं सदतिसावं उत्तर कंपनीप्रमाणं 'एक' असणार, म्हणजे मामा नवरा असूच शकत नाही. असं उत्तर नऊ जणांचं आहे. नऊ म्हणजे चोर सापडला नाही. पहिलं विधान एकटं पुरत नाही."

"सर, क्लास घ्यायला बसलाय काय?" मारुतीराव म्हणाले.

"फुकट घेतोय, ऐकून घ्या. विधान दोन. चोरानं कागदच का उचलला? आजकाल मोबाईल काढायचा, फोटो घ्यायचा आणि कागद परत पाकिटात ठेवायचा. जन्मात कुणाला कळलं नसतं. तसं न करता त्यानं कागद नेला, जागी कोरा कागद ठेवला, आणि परीक्षा होईपर्यंत पाठ करायला खिशात बाळगला. म्हणजे त्याच्याकडं मोबाईल नव्हता. या वर्गात मोबाईल नसलेले तिघं आहेत. दोघं खानापूरच्या जंगलातल्या गावांतली, त्यांना अनुक्रमे अठरा आणि बावीस गुण आहेत, आणि सदतिसाव्याला दोघांनीही चार लिहिलंय. दुसरं विधानही एकटं पुरत नाही, कारण माणसं तीन."

मारुतीरावांची नजर टेबलावरच्या काचेच्या पेटीवर गेली आणि घाईघाईनं परत आली.

"आता दोन्ही एकत्र घ्या. 'एक' लिहिणाऱ्या नऊ जणांत कॅम्पातल्या आठांकडं मोबाईल आहेत, तुमच्या माझ्यापेक्षा भारी. दिपालीकडं मोबाईल आहे, फुटका का असेना, आणि तिचं उत्तर चार आहे. ती दोन्ही बाजूंनी सुटली. 'एक' लिहिणारा आणि मोबाईल नसणारा असा एकच उरतो. शनिवारी रात्री पाकीट ज्या घरात होतं त्या घरातला."

"पाकीट कपाटात होतं!"

"डिकीत होतं. मग घरी होतं," दारातून सौरव म्हणाला. नोकरी गेलीच असं धरून माणूस एकदा बोलायला लागला की बरं बोलतो.

मारुतीरावांनी टेबलावर हात आपटला. "माझा पोरगा पुस्तकाप्रमाणं गेलाय! पुस्तकात मामा नवरा नसतोय! त्याला तुम्ही चोर ठरवताय?"

याचीच मी वाट बघत होतो.

"मारुतीराव, तुमच्या सासूबाई, म्हणजे जयावहिनींच्या आई, लग्नाआधी तुमच्या कोण?"

त्यांनी पेटीवरची चिठ्ठी सरळ केली.

"तुमची थोरली बहीण. म्हणजे आदर्शच्या आईचे सख्खे मामा तुम्ही, आणि नवराही तुम्हीच. जानेवारीत मी वर्गात असाच प्रश्न घातला होता. एका पोरानं सांगितलं की मामा नवरा नसतो. तेव्हा हा तुमचा मुलगा उठून म्हणाला, 'सर, तसं असतं तर मी जन्मालाच आलो नसतो.' सगळा वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून पोरं याला मामा म्हणतात. ज्याला महिनोन् महिने या एका गोष्टीवरून चिडवलं, तो परीक्षेत लिहितो की मामा नवरा असूच शकत नाही? आईबापाचं लग्नच खोटं ठरवतो? मारुतीराव, त्यानं चुकीचं उत्तर दिलं नाही. त्यानं प्रश्न वाचलाच नाही."

सगळ्यांनी आदर्शकडं बघितलं. तो भिंतीकडं बघत होता.

"आकडे पाठ केलतो," तो म्हणाला. "धा-धाच्या पाच ओळी. प्रश्न वाचलोच न्हाय." मग बापाकडं वळला. "अर्ध्या तासात भाईर आलो तवा कागद खिशातच होता. पुढं झडती हुणार म्हणून भ्यालो. हिच्या पिशवीला चेन नव्हती, म्हणून टाकलो. आप्पा, तुम्हीच म्हणालासा, पहिला आला न्हाईस तर फलकावर दुसऱ्याच्या पोराचा फोटो लावाय लागंल, मग मला तोंड दावू नको म्हणून."

मला त्या पोराची कीव आली आणि त्याच्या बापाची किळस. मारुतीरावांच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. पाकिटात कोरा कागद निघाला तेव्हाच त्यांना शंका आली होती, हे मी पैजेवर सांगतो. त्यांनी ती तपासली नाही, एवढंच. एका विणकराच्या पोरीवर भागत असेल तर कशाला तपासायची?

"हे हितंच मिटवूया," ते हळू आवाजात म्हणाले. "निपाणीची जागा हिला देतो. गैरसमज झाला म्हणून सांगू. नाव कुणाचं घ्यायला नको."

"देत नाही तुम्ही," मी म्हणालो. "सदतिसाव्याचं बरोबर उत्तर चार. तिला पन्नास पडले. जागा तिची आहे."

दिपाली भिंतीपासून पुढं आली. "सर, पिशवी सगळ्यांच्या समोर उलटी केलासा. आता सगळ्यांच्या समोर सांगा. मी चोर न्हाय म्हणून. आणि सौरवदादा बी न्हाय म्हणून."

मारुतीरावांना वर्गात जावं लागलं. दोन वाक्यं बोलले, तीही खोकत. पोरं या वेळी हसली नाहीत. कशाला हसायचं ते त्यांना कळलं नसावं.

७

व्हरांड्यात नागुबाई बाकावर बसून राहिली होती. तिची पोर निर्दोष ठरली होती, पण तिचा चेहरा मोकळा नव्हता.

"बरं झालं, मास्तर. देवानं लाज राखली," ती म्हणाली. "पर आता निपाणी कशाला? काल सगळ्या गल्लीत बोंब झाली. हॉल सांगून ठेवलाय. चार म्हैने पोरगी भाईर ऱ्हायली तर लोकं काय म्हणतील? लगीन हुंदे, मग बघू."

म्हणजे एवढं सगळं करून मी एका चोराला पकडलं होतं आणि पोरगी होती तिथंच होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. केदारी परत घड्याळ बघत होता. त्याला ऐकू जावं म्हणूनच मी मोठ्यानं विचारलं, "दिपाली, त्या सदतिसाव्या प्रश्नाला तू अडलीस. का अडलीस?"

"आईचा भाऊ हाय, एका घरात ऱ्हातोय," ती खाली बघत म्हणाली. "त्यावरनं नवरा हाय का न्हाय कसं कळणार, सर? तिला विचारल्याबिगर?"

"मग तू सांग की."

"मला कुणी विचारलं न्हाय."

नागुबाई काहीतरी बोलणार होती. त्याआधी केदारी उठला. आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं तोंड उघडलं.

"मला तरी कुणी विचारलंय, आक्का?"

"तुला काय विचारायचं रं? तू माझा भाऊ."

"व्हय. भाऊ हाय म्हणून तू सांगटलीस आणि मी मान डोलावलो. भावोजी गेल्यावर तुला नको कसं म्हणायचं? हिला मी कडेवर घिऊन बालवाडीत सोडलोय, आक्का. रडायची, माझ्या शर्टाला शेंबूड पुसायची. आता हिच्या गळ्यात मी माळ घालू?" त्यानं बोटातली अंगठी फिरवली. "कालपास्नं झोप न्हाय मला. सकाळपास्नं घड्याळ बघतोय, हॉलवाला एक वाजता जेवाय जातोय, त्याच्या आधी फोन करायचा धीर हुईना."

मी दुसरीकडं बघू लागलो. ज्या माणसाचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता, त्याला मी पांढऱ्या पँटीवरून आणि अंगठीवरून निकालात काढलं होतं. मला माझीच लाज वाटली. अपुऱ्या माहितीवर निकाल देणारे मारुतीराव एकटेच नव्हते.

केदारीनं मोबाईल काढला आणि तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. "हॅलो, केदारी बोलतोय वडगावातनं. अक्षयतृतीयेचा हॉल... व्हय. नको. न्हाय, तारीख बदलायची न्हाय, नकोच हाय." फोन बंद करून तो नागुबाईच्या शेजारी बसला. ती त्याच्याकडं बघेना. मग तिनं पदर तोंडाला लावला, आणि त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

दिपाली अजून उभीच होती. काय झालं ते तिला नीट कळायला वेळ लागत असावा. रस्त्यावरून निपाणीची बस गेली, तिच्या पाटीकडं ती बघत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "मला निपाणीला सोडायला तू येशील न्हवं?"

"येणार की," केदारी म्हणाला. "मामा हाय न्हवं मी तुझा."